विषय: तात्यांच्या तबकड्या मंडळाच्या ड्राइव्हवर टाकू का? (तातडीचं)

प्रेषक: माई (सध्या सांगलीत)
मंडळी, तात्यांचं कपाट उघडलं. वरच्या खणात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या जुन्या तबकड्या, मधे नाट्यसंगीताच्या सीडी, खाली नाटकांच्या डीव्हीडी. रविवारी रंगारी येतोय, तोवर खोली मोकळी करायची आहे आणि बॅगेला 23 किलोची मर्यादा. भाचा म्हणतो, सगळं लॅपटॉपवर उतरवून अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या ड्राइव्हवर टाकू, ओझंच नको. टाकू ना? सचिव, आजच कळवा.

प्रेषक: सचिव
माई, ड्राइव्हवर नको. दिवाळीच्या लिंकवरून काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. विकत घेतलेली सीडी तुमची. ती मंडळाला द्या, कुणाला विका, इथला कायदा आडवा येत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1908 सालीच एका पुस्तकाच्या खटल्यात हे मान्य केलं. सांगलीत घेतलेल्या सीडीलाही ते लागू आहे, कारण 2013 साली थायलंडमधून आणलेल्या पुस्तकांच्या बाबतीत त्याच कोर्टानं तसाच निकाल दिला. पण हा हक्क हातातल्या वस्तूपुरता. लिंक दिली की घरोघरी नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढायचा हक्क आपण विकत घेतलेला नसतो.

प्रेषक: नाना
सचिव, 2019 च्या पुरात खणभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा तुम्ही इथं होता. मी सांगलीत होतो. कॅसेटी बादलीत धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. फितीच्या वेढ्यांमध्ये गाळ बसलेला, उलगडायला गेलं की तुकडा हातात. ज्यांनी दुसऱ्याला भरून दिल्या होत्या त्यांचंच गाणं वाचलं. प्रती काढल्याच पाहिजेत! आणि खाँसाहेब 1937 मध्ये गेले. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं. त्या तबकड्या कधीच मोकळ्या झाल्यात.

प्रेषक: वहिनी
नाना, आमच्याही गेल्या. सासूबाईंच्या आवाजातली ओव्यांची कॅसेट होती, तिची दुसरी प्रत कुठेच नाही. ज्यांच्या घरी आपल्या माणसांचे आवाज फितीवर असतील त्यांनी ते आधी उतरवून घ्या. बाजारातलं गाणं परत मिळेल.

प्रेषक: ग्रंथालय विभाग
वस्तू येणार असतील तर त्या माझ्याकडे येतील, वहीत नोंद होईल, मगच बाहेर जातील. गेल्या खेपेला परस्पर वाटलेल्या सीडी अजून परत आलेल्या नाहीत. डीव्हीडी आणण्याआधी माईंनी मागचं कव्हर बघावं. डीव्हीडी कुठल्या देशांत चालेल त्याचा विभाग-क्रमांक तिथं असतो. भारताचा विभाग 5, इथला 1. विभागाचं बंधन नसलं तरी पाल पद्धतीची (भारतातल्या टीव्हीसाठीची) डीव्हीडी इथल्या बऱ्याच प्लेअरवर लागत नाही. भाड्याचा दर नेहमीचाच, आठवड्याला दोन डॉलर.

प्रेषक: सचिव
सीडीला दर लावू नका. हक्कदाराच्या परवानगीशिवाय गाण्याच्या सीडी नफ्यासाठी भाड्यानं द्यायला इथं 1984 पासून बंदी आहे. आपण नफा कमावत नाही हे कुणाला पटवत बसण्यापेक्षा फुकट द्या. डीव्हीडीवरचं नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप तोडून प्रत काढणं 1998 च्या कायद्यानं बंद, त्यामुळे तिथंही भाच्याला थांबवा.

नाना, भारतापुरतं तुमचं बरोबर. पण 1923 ते 1946 मधल्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत 100 वर्षांचं संरक्षण आहे. सांगलीत मोकळी असलेली 1935 ची तबकडी इथं अजून बांधलेली, आणि मंडळाची नोंदणी इथली.

प्रेषक: नाना
मग सांगलीतच उतरवा. मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेबांची कबर आहे, तिथं त्यांच्या स्मृतीत गाणं ऐकत आम्ही वाढलो. हा आवाज आपल्या गावात तरी पोरांना मिळू दे.

प्रेषक: ग्रंथालय विभाग
दोन डॉलर कमिटीनं ठरवलेत. बदलायचे तर बैठकीत बदला.

प्रेषक: माई
ठरलं. तबकड्या इथंच राहतील, भाचा इथंच उतरवेल. नाना, त्या आडव्या रचल्या की खालची तडकते, म्हणून फळ्या मारून उभ्या लावायला सांगितल्यात. सीडी माझ्या बॅगेत. डीव्हीडी सांगलीतल्याच कुणाला तरी देईन, ज्याच्याकडे प्लेअर चालू आहे त्यानं शनिवारपर्यंत फोन करावा. दोन डॉलरचं तुम्ही दोघं बघा, पण तात्यांच्या सीडीवर मी भाडं घेऊ देणार नाही.