कारागिरी पारखायची नजर तुम्हाला कुणी दिली?

लग्नाच्या खरेदीत सासूबाईंनी दुकानदाराला सांगितलं, "पदर उलटा करून दाखवा." पैठणी कशी बघतात ते मला तिथे कळलं. हातमागावर पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी चालते, धागे एकमेकांत अडकवत नेतात. म्हणून मागची बाजूही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रावर नक्षी विणलेल्या जॅकार्डच्या साडीला मागे लोंबते धागे नाहीतर कापलेली टोकं. घेतली शेवटी सेमी-पैठणीच, बजेट तेवढंच होतं! पण आता कार्यात कुणाचाही पदर दिसला की हात शिवशिवतात. तुमचे अनुभव लिहा, साडीचेच हवेत असं नाही.

काळी चार
गाण्याच्या बाईंबरोबर तानपुरा आणायला मिरजेला गेले होते. मी भोपळ्यावरची नक्षी न्याहाळत होते, बाई डोळे मिटून बसलेल्या. सगळ्यात देखणा तानपुरा त्यांनी एकदा छेडून बाजूला सारला. दुसऱ्याची जवारी लावायला सांगितली, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून नाद खुलवायला. कारागिरांनी घोडीवर कानस फिरवली, तीही इतकी हलकी की काही घासलं जातंय असं वाटेना. तार चढवली, छेडली, मान हलवली, परत उतरवली. हे किती वेळ चाललं! मी कंटाळले होते, खरं सांगते. मग तारेखालचं सूत त्यांनी केसभर सरकवलं आणि खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या तारेतून गंधार, 'ग', बोलायला लागला. गंधाराची तार तानपुऱ्याला नसतेच. बाई एवढंच म्हणाल्या, "हा घे." २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा मला ती कानसच आठवली.

उगाच एक
नजर आली, पगार तोच राहिला. आता स्वस्तातलं आवडत नाही आणि महागातलं परवडत नाही. सासूबाईंना नमस्कार सांगा.

रंकाळा
आमचे आजोबा चपलेचा तळ आधी बघायचे. कोल्हापुरी चामड्याच्या वादीनं शिवलेली हवी. खिळा दिसला की चप्पल परत. चामडं बाभळीची साल नि हिरड्यात कमावलेलं, त्यामुळं सुरुवातीला चावते, तेल पाजलं की पायाची होते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला कोल्हापूरचं नावही न घेता दाखवल्या, तेव्हा गावात सगळेच जाणकार झाले. त्यातल्या किती जणांच्या पायात कोल्हापुरी होती ते विचारू नका.

कसबेकर
पुण्यात तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीजवळ वाढलो, त्यामुळे ठोक्यांचा आवाज म्हणजे दुपारच्या झोपेचा शत्रू. मठार, म्हणजे भांड्यावरच्या ठोक्यांच्या खुणा, ही शोभा असंच वाटायचं. एका काकांनी बिनमठारलेला पत्रा हातात दिला, अंगठ्यानं दाबला तर वाकला. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, म्हणून पातळ पत्र्याचा हंडाही भरल्यावर अंग धरून राहतो. घरी येऊन आमचा बंब दाबून बघितला, ढिम्म हलला नाही. पुढे फ्लॅटमध्ये जाताना वडिलांनी तो मोडीत घातला, वजनावर.