त्रिकोणाचे कोन मोजले तर बेरीज १८० येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. भाचीला भूमिती शिकवताना मीच अडकले आहे.

तिने वहीत त्रिकोण काढला आणि तिन्ही कोन मोजले : ५०°, ६२° आणि ११२°. बेरीज २२४! दुसऱ्या त्रिकोणाची आली १७८. "१८० येतेच म्हणतात, मग माझी का येत नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे 'नीट मोज' एवढंच उत्तर होतं, आणि ते मला स्वतःलाच पटलं नाही. मी शेजारीच बसले होते, तिने अगदी मन लावून मोजलं होतं.

दुसरी अडचण एका उदाहरणाची. त्रिकोणाची बाजू वाढवून झालेला बाह्यकोन ११५° आहे, त्याचे दूरस्थ आंतरकोन (त्याला लागून नसलेले त्रिकोणाच्या आतले दोन कोन) २क्ष आणि (क्ष + १०) अंशांचे. तिने तिन्हींची बेरीज १८० धरली, तर क्ष अपूर्णांकात आला. चुकलंय हे दिसतंय, पण तिला कसं समजावू? सूत्र नुसतं पाठ करून घ्यायचं नाहीये.

उत्तर :

भाचीचा प्रश्न फार चांगला आहे, त्याला 'नीट मोज' म्हणून वाटेला लावू नका.

२२४ चं कारण सोपं आहे. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून शून्यापासून सुरू होणारी, दुसरी उजवीकडून. तिसऱ्या कोनाला तिने चुकीची ओळ वाचली. १८० − ११२ = ६८, आणि ५० + ६२ + ६८ = १८०. कोनाची एक भुजा ज्या शून्यावर टेकली आहे, त्याच शून्याची ओळ शेवटपर्यंत धरायची. आणि कोनमापक ठेवण्याआधी कागदाचा कोपरा कोनावर ठेवून लघुकोन की विशालकोन ते बघायचं. ही सवय लागली की लघुकोनाला ११२ लिहिलं जाणारच नाही.

१७८ मात्र मी चूक म्हणणार नाही. केंद्रापासून ५ सेंटीमीटरवर १ अंशाची जागा जेमतेम ०.९ मिलिमीटर असते. पेन्सिलची रेघ जाड असली, शिरोबिंदू किंचित सरकला, डोळा तिरका राहिला, की एखादा अंश गेलाच. तीन कोन मोजायचे म्हणजे तीनदा. भुजा आखूड असतील तर पट्टीने वाढवून घ्या. काही कोनमापकांत शून्याची रेघ प्लॅस्टिकच्या कडेवर नसते, थोडी वर असते, तेही तपासा.

पण १८० हे मोजून ठरलेलं नाही, हे तिला जरूर सांगा. एका शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढा. खालचे दोन कोन व्युत्क्रम कोन (समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या दोन विरुद्ध बाजूंचे, सारख्या मापाचे कोन) म्हणून वर त्या रेषेपाशी येतात, मधे तिसरा आहेच. तिघं मिळून सरळ कोन होतो. त्रिकोण कसाही काढला तरी हे असंच घडतं, कोनमापक लागतच नाही.

तुमचं उदाहरण याच आकृतीचं आहे. ११५° हा कोन त्रिकोणाच्या बाहेर आहे, त्याला आतल्यांच्या बेरजेत घेता येत नाही. त्याच्या शेजारचा आतला कोन १८० − ११५ = ६५°. उरलेल्या दोघांना राहिले ११५. म्हणून ३क्ष + १० = ११५, क्ष = ३५. कोन ७०°, ४५° आणि ६५°. आकृती काढून ११५ चा कोन तिला रंगवायला सांगा.

प्रश्नकर्ती :

मनापासून आभार. तिने पुन्हा मोजला, ६८ आला! दुसऱ्याच्या भुजा वाढवल्यावर बेरीज १८१ झाली, आणि यावेळी ती हिरमुसली नाही. समांतर रेषा तिने स्वतः काढली. आता विचारते, कोनमापक १८० पर्यंतच आहे, मग २५०° चा कोन कसा काढायचा?

उत्तर :

पूर्ण कोन ३६० चा. ३६० − २५० = ११०. आधी ११०° चा कोन काढायचा आणि कमान बाहेरच्या बाजूने दाखवायची. तो प्रविशाल कोन. मोजतानाही तसंच, आतला मोजून ३६० मधून वजा करायचा.