कवटीच्या मापांवरून लिंग ठरवताना पुरुष कवट्या ‘स्त्री’ येतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फॉरेन्सिक, अ‍ॅनाटॉमी किंवा स्टॅटवाले कोणी असाल तर प्लीज जरा बघा.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी प्रौढ कवट्यांची मापं घेतेय, सगळ्यांचं लिंग रेकॉर्डमध्ये आधीच आहे. लांबी, रुंदी, बेझिऑन-ब्रेग्मा उंची (कवटीच्या तळापासून माथ्यापर्यंत), बायझायगोमॅटिक रुंदी (दोन्ही गालांच्या कमानींमधली), मास्टॉइड (कानामागचा हाडाचा उंचवटा) वगैरे घेऊन झालं आणि जाइल्स-एलियटचं १९६३ चं डिस्क्रिमिनंट फंक्शन (मापांना ठरलेल्या गुणकांनी गुणून बेरीज करायची, ती कट-ऑफच्या वर गेली तर पुरुष, खाली आली तर स्त्री) लावलं, तर बायका जवळपास सगळ्या बरोबर येतायत पण पुरुषांच्या बऱ्याच कवट्या स्त्री म्हणून पडतायत. ते फंक्शन अमेरिकन कवट्यांवर काढलेलं आहे, माझ्याकडच्या कवट्या एकूणच लहान आहेत, म्हणजे कट-ऑफ माझ्यासाठी फार वर बसतोय एवढं कळलं. त्यांच्या स्वतःच्या सॅम्पलवरसुद्धा ८२ ते ८९ टक्केच बरोबर यायचं.

आता प्रश्न असा की गुणक तेच ठेवून फक्त कट-ऑफ माझ्या पुरुष आणि स्त्री सरासरीच्या मध्यावर आणला तर चालेल का, की सगळं फंक्शनच नव्याने काढायचं? नव्याने काढायचं तर माझ्याकडे स्त्री कवट्या खूप कमी आहेत, प्रायर (पुरुष की स्त्री याची आधीच धरलेली शक्यता) समान ठेवून लीव्ह-वन-आउट (दर वेळी एक कवटी बाजूला ठेवून तिच्यावर तपासणं) केलं तरी पुरुषांकडे झुकेल अशी भीती वाटते. फोर्डिस्क या मापांवरून गट आणि लिंग सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव सगळे घेतात, पण त्याच्या रेफरन्समध्ये आपला गट नसला तरी ते जवळचा कुठलातरी गट देऊन मोकळं होतं, म्हणून नुसतं त्यावर विसंबायचं नाहीये.

सिनियर म्हणतात मापं सोड, डोळ्यांनी बघ. वॉकरची २००८ ची पद्धत वाचली, त्यात मास्टॉइड, ग्लॅबेला (दोन भुवयांमधला उंचवटा), डोळ्याच्या खोबणीची वरची कड, मागची नुकल क्रेस्ट (मानेचे स्नायू जोडलेली हाडाची कड) आणि हनुवटी यांना १ ते ५ गुण द्यायचे. पण उतारवयातल्या बायकांच्या भुवयांवरचा भाग जाड दिसतो आणि तिथे गुण पुरुषांकडे जातात, आणि हे डोळ्यांनी देणं माणसागणिक बदलतंच. दोन्ही एकत्र करून कोणी केलंय का?

सगळ्यात जास्त अडलेय ते रिपोर्टवर. पेल्व्हिस (कमरेचं हाड) मिळाला तर कोणीच कवटीवर ठरवणार नाही, मान्य, पण नुसती कवटीच सापडली आणि पोस्टेरिअर प्रोबॅबिलिटी (मापांवरून निघालेली, कवटी स्त्रीची असण्याची शक्यता) ०.६ आली तर ‘स्त्री’ लिहायचं की ‘अनिश्चित’? मला ‘अनिश्चित’च बरोबर वाटतं, कारण लिंग चुकीचं लिहिलं की बेपत्ता लोकांच्या यादीतली नेमकी हवी ती नावं पहिल्याच पायरीला बाद होतात, आणि ज्यांचं माणूस आहे त्या घरापर्यंत कोणी विचारायलाच जात नाही. गाइड म्हणतात की निकाल द्यायलाच हवा नाहीतर अभ्यासाचा उपयोग काय. तुम्ही ०.९५ च्या खाली लिंग लिहिता का? की ०.८ ला थांबता?

अजून एक, मास्टॉइडची लांबी दोनदा घेतली की दोन वेगळी उत्तरं येतात, कवटी फ्रँकफर्ट प्लेनमध्ये (मापासाठी ठरलेल्या आडव्या पातळीत) ठेवूनसुद्धा. बायझायगोमॅटिक एकदम स्थिर येतेय आणि लिंग वेगळं करायलाही तीच चांगली चालतेय, तर मास्टॉइड फंक्शनमधून सरळ काढून टाकू का? एसपीएसएस आणि आर दोन्ही आहेत माझ्याकडे, कोणाकडे आरचा कोड असेल तर फार मदत होईल.