अफगाण फौज पळाली, की तिचे हातपाय काढून घेतले?

रसदमार्ग (धागाकर्ता):
१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि ‘तीन लाखांची फौज न लढताच पळाली’ असा शिक्का बसला. मला तो साफ अमान्य आहे. वीस वर्षांत सुमारे ६६,००० अफगाण सैनिक आणि पोलीस मारले गेले. पळपुट्यांची फौज एवढी माणसं गमावत नाही.

ही फौज अमेरिकी पद्धतीने बांधली होती. डोंगरातल्या चौकीला पीठ-पाणी, गोळ्या हेलिकॉप्टरनेच जाणार, जखमीही त्यातूनच परत येणार. आधी रशियन एमआय-१७ होती. त्यांची बरीचशी देखभाल अफगाण मेकॅनिक स्वतः करायचे. त्यांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक आणली. ती एमआय-१७ इतकं वजन उचलत नाहीत, उंचावर कमी पडतात आणि देखभाल जवळपास सगळी परदेशी कंत्राटदारांकडे. ते निघाले तसं उड्डाणयोग्य ब्लॅक हॉकचं प्रमाण मे २०२१ मधल्या ७७ टक्क्यांवरून जूनमध्ये ३९ वर आलं. मग चौकीवरच्या पोराने लढायचं कशाच्या जोरावर?

कोतवाल:
हेलिकॉप्टरचं खरं आहे, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडू नका. सोव्हिएत फौज १५ फेब्रुवारी १९८९ ला गेली. मार्चमध्ये मुजाहिदीन बंडखोर जलालाबादवर तुटून पडले, तरी सोव्हिएतांच्या पाठिंब्यावरचा अध्यक्ष नजीबुल्ला याच्या फौजेने शहर राखलं. देश तोच, माणसंही तीच.
२०२१ चा तीन लाखांचा आकडाच पोकळ होता. त्यात पोलीसही धरलेले, वर हजेरीपटावरचे भुताचे सैनिक, ज्यांचा पगार वरिष्ठ खात होते. जे खरोखर उभे होते त्यांना महिनोन्‌महिने पगार नाही. ही चोरी काबूलची.

रसदमार्ग:
नजीबचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. सोव्हिएत सैनिक गेले, पण रसद चालूच राहिली: धान्य, इंधन, दारूगोळा, स्कड क्षेपणास्त्रंसुद्धा. १ जानेवारी १९९२ पासून शस्त्रपुरवठा बंद झाला आणि एप्रिलमध्ये नजीबची सत्ता गेली.

सीमापार:
दोघांच्याही बोलण्यात दोहा राहिलं. अमेरिका आणि तालिबानमधल्या २९ फेब्रुवारी २०२० च्या त्या कराराच्या वेळी काबूल सरकार टेबलावर नव्हतं. तरी त्याच्याच तुरुंगातले ५,००० पर्यंत तालिबानी सोडायचं त्यात ठरलं, आणि अमेरिकी सैन्याबरोबर कंत्राटदार व प्रशिक्षकही जातील असं लिहिलं होतं. म्हणजे हेलिकॉप्टरं जमिनीवर बसणार हे तेव्हाच ठरलं.
पुढे तालिबान गावातल्या वडीलधाऱ्यांना चौकीवर पाठवायचे: शस्त्रं ठेवा, वाटखर्च घ्या, घरी जा. गोळ्या संपत आल्यात, शेजारची चौकी काल रिकामी झालीय, घरी तीन महिने पैसे नाहीत. अशा माणसाला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.
आणि जे लढले त्यांचं काय झालं? जून २०२१, फर्याब प्रांतातलं दौलताबाद. अफगाण कमांडो आत शिरले, वेढले गेले, मागून कुमक आलीच नाही. गोळ्या संपल्यावर हात वर करून बाहेर आलेल्यांनाही तालिबानने गोळ्या घातल्या. वीसहून जास्त कमांडो गेले.

कोतवाल:
दौलताबादच घ्या. कुमक कोणी पाठवायची होती? वॉशिंग्टनने नव्हे. मोजक्या कमांडोंना या आघाडीवरून त्या आघाडीवर पळवायचं आणि शेकडो निरुपयोगी चौक्या प्रतिष्ठेपायी धरून ठेवायच्या, हे निर्णय काबूलचे. चौक्या मागे घेऊन शहरं आणि मुख्य रस्ते धरा, हा सल्ला अमेरिकी अधिकारी वर्षानुवर्षं देत होते. सैनिकाला मी पळपुटा म्हणतच नाही. तो शब्द १५ ऑगस्टला देश सोडून गेलेल्या तेव्हाच्या अध्यक्ष अश्रफ घनींसाठी आहे.

रसदमार्ग:
घनींबद्दल वाद नाही. पण २ जुलैला अमेरिकींनी आपला बगराम हवाई तळ रात्रीत सोडताना नव्या अफगाण कमांडरला वेळसुद्धा सांगितली नव्हती. त्याला कळलं ते अमेरिकी गेल्यावर. तोवर लुटारू आत शिरले होते. हा निर्णय काबूलचा नव्हता.