अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा बेत : घरच्या ग्रुपवरून

वहिनी: मंडळी, कूपर रिव्हर ब्रिज रनला माझं नाव पक्कं झालं! 🎉 १० किलोमीटर, शनिवारी सकाळी ८ ला सुरुवात. आई-बाबा तोवर शार्लटला आमच्याकडे पोचलेले असतील. मग सगळेच जाऊ या का चार्ल्सटनला? शुक्रवारी निघायचं, रविवारी परत.

आत्या: अगं वा, अभिनंदन! पण भाऊला त्या गर्दीत कशाला नेता? त्याचा गुडघा माहितीये ना.

दादा: आत्याचं बरोबर आहे. हजारो माणसं पळणार, पूल सकाळी गाड्यांना बंद, आणि गावातली हॉटेलं त्या दोन रात्रींचे काहीच्या काही पैसे सांगतायत. हिला मी सोडून येतो. आई-बाबांना मे अखेरीस निवांत नेऊ.

मी: मे अखेरीस निवांत कुठलं रे? मेमोरियल डेच्या सुमाराला स्पोलेटो महोत्सव सुरू होतो, तो १७ दिवस चालतो. १९७७ पासूनचा आहे, तेव्हाही गाव भरलेलं असतं, वर दमट उकाडा. एप्रिलच्या सुरुवातीला तिथली हवा आपल्या पौष-माघासारखी असते, अझेलिया फुललेल्या असतात. मी अटलांटाहून पाच तास गाडी हाणत येते, पण याच वेळी जाऊ.

वहिनी: मलाही आई-बाबा शेवटच्या रेषेपाशी उभे हवेत. पहिल्यांदाच पळतेय.

आई: मग आम्ही येणारच. ठरलं.

मी: आता राहायचं बघा, कारण खरी मेख तिथे आहे. जुनं गाव दोन नद्यांच्या मधल्या जिभेवर आहे. पूर्वेला कूपर, पश्चिमेला ॲशली. रन सुरू होते कूपरपलीकडे माउंट प्लेझंटला, पूल ओलांडून गावात संपते. मागे आम्ही स्वस्त पडलं म्हणून माउंट प्लेझंटला खोली घेतली. पळणाऱ्यांची सोय झाली, पण बघायला जाणारे आम्ही अडकलो. कूपरवरचा रॅव्हेनेल पूल बंद, ५२६ नंबरच्या हायवेवरून एवढा मोठा वळसा, आणि गावात पोचलो तोवर सगळे पळून केळी खात बसले होते. म्हणून या वेळी ॲशलीच्या बाजूला, वेस्ट ॲशलीत राहू. तिथून गावात शिरायला कूपरचा पूल लागतच नाही. हिला पहाटे गावात सोडायचं, तिथून पळणाऱ्यांना पलीकडे न्यायला बसेस असतात. मग आई-बाबांना घेऊन मॅरियन स्क्वेअर. बसायला बाकं आहेत, शेवटची रेषाही जवळच.

दादा: हे मला सुचलं नव्हतं. आजच बघतो, रद्द करता येईल अशीच खोली घेतो.

बाबा: शनिवारी तिथी काय येते?

आई: अष्टमी. रविवारी रामनवमी.

बाबा: म्हणजे भांगाचं पाणी, भरती फार चढायची नाही. उत्तम. त्या गावात उधाणाला रस्त्यावर पाणी येतं, असं मागे तूच सांगितलं होतंस.

मी: हो बाबा, पाऊस नसला तरी येतं. भरतीची वेळ बघून बाहेर पडावं लागतं. आणि तुम्हाला तिथे नेण्याचा माझा हट्ट आहे तो या पाण्यापायीच. चार्ल्सटन श्रीमंत झालं ते भातावर. रविवारी मिडल्टन प्लेस या जुन्या मळ्यावर जाऊ, तिथे नदीकाठची खाचरं आणि जुनी भाताची गिरणी आहे. भरती चढली की नदीतलं गोडं पाणी वर उचललं जायचं. बांधात बसवलेलं दार उघडून ते शेतात घ्यायचे आणि नको तेव्हा ओहोटीला सोडून द्यायचे. त्या दाराला ‘ट्रंक’ म्हणतात, कारण सुरुवातीला पोकळ केलेलं झाडाचं खोडच बसवायचे.

बाबा: ही तर आपली उघाडी! फक्त काम उलटं. आपल्या खारेपाटात भरती आली की खाडीच्या दाबानं झडप मिटते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ते पाणी आत घेत, आपण अडवतो. हे शेत केलं कोणी?

मी: गुलामांनी. सेनेगल, गांबिया, सिएरा लिओन या भागातली माणसं मुळात भात लावणारी होती, हे मळेवाल्यांना ठाऊक होतं. जंगल तोडणं, बांध घालणं, चिखलात भात लावणं, सगळं त्यांच्याकडून करून घेतलं.

बाबा: बांधाला खांड पडली की काय होतं ते मी लहानपणापासून बघितलंय. रात्री हाकाटी व्हायची, सगळा गाव कंदील घेऊन कमरेइतक्या चिखलात उतरायचा. हात-पाय फुटायचे. पण ती आमची जमीन होती, भात आमच्या कणगीत यायचं. दुसऱ्याच्या कणगीसाठी, विकत घेतलेला माणूस म्हणून जन्मभर हे करायचं… मला ती जागा बघायची आहे. गुडघ्याचं सांगू नका.

आत्या: भाऊ, जा तू. काठी मात्र ने.

मी: शनिवारी दुपारी आफ्रिकन अमेरिकन म्युझियमही बघू. २०२३ ला उघडलं. गॅड्सडेन्स व्हार्फ म्हणून धक्का होता, तिथे गुलामांची जहाजं लागायची. त्याच जागेवर इमारत खांबांवर उचलून बांधलीय, खालची जमीन मोकळी ठेवलीय.

दादा: पण पोरं आहेत बरोबर. रेनबो रोची रंगीत घरं, फोर्ट समटर किल्ल्याला जाणारी बोट, एवढं पुरे नाही का? १८६१ च्या यादवीतला पहिला तोफगोळा तिथेच पडला, ते त्यांना आवडेल.

मी: बोटही करू. पण दादा, ती रंगीत घरं कोणाच्या पैशावर उभी राहिली हे न सांगता पोरांना नुसते फोटो काढायला नेणं मला पटत नाही. मोठीला सगळं कळतं.

वहिनी: मलाही पटत नाही. तिकिटं मी काढते. त्या दिवशी माझे पाय दुखत असतील, पण येणार.

दादा: बरं. जाऊ.

मी: आई, मार्केटमध्ये गुल्ला, म्हणजे त्या गुलामांच्या वंशातल्या, बायका स्वीटग्रास नावाच्या गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या दिसतील. त्यांच्या जुन्या पसरट टोपल्या भात पाखडायच्याच. आणि कांडायला उखळ-मुसळ.

आई: म्हणजे सूपच की. मला एक घ्यायचीय. महाग असल्या तरी घासाघीस कोणी करायची नाही. एक सूप विणायला किती वेळ जातो ते मी पाहिलंय.

आत्या: आणि खायचं काय तिथे?

वहिनी: कोळंबी आणि ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या. चवळी घातलेला भातही असतो, पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. आई-बाबांसाठी आधी विचारायचं. रात्रीची टेबलं आजच सांगून ठेवते.

मी: बाबा, चामर्स स्ट्रीटवर गोटे बसवलेत, तिथे चालायचं नाही. गाडीतून बघू.

बाबा: बरं.

आई: रामनवमीचं काय? बारा वाजता जन्म व्हायला हवा.

वहिनी: आई, बारा वाजता आपण मिडल्टनला असू. ओकच्या झाडाखाली करू. पाळणा तुम्ही म्हणा.

आई: चालेल. सुंठवडा मी शार्लटला आल्यावर करते. सुंठ इथून आणू की तिकडे मिळते?

दादा: मिळते आई. सामानात त्याऐवजी बाबांचा गुडघ्याचा पट्टा घाल.