मदत हवी आहे: हा दगडी पालाच आहे ना?

खुरपणीत विळा लागला की आजी दगडी पाला (आमच्याकडे एकदांडी) हातावर चुरडून त्याचा रस जखमेवर पिळायची. रक्त थांबायचं. लांब दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं, कडेला पांढरट पाकळ्या, पानं खरखरीत. बांधावर तेच सापडलंय, पण शेजारच्या काकू त्याला माका म्हणतात. माक्याची पानं चुरडली की रस काळा पडतो, याचा हिरवाच राहिला. म्हणजे माका नाही ना?

आईला मधुमेह आहे, पायाला जखम झालीय. डॉक्टरांचं ड्रेसिंग चालूच ठेवणार आहोत, तरी ती पाल्याचा हट्ट धरते. अशा जखमेवर कच्चा रस लावू द्यावा का? माझं मन घेत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.