मंगळावर जीव सापडला, तर पत्रिकेतला मंगळ उतरेल का?

काठावरचा (लोणार तालुका)

सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने जाहीर केले की, मंगळावरील जेझेरो विवरात फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स या गाडीला एका खडकावर जे ठिपके आढळले, ते कोणे एके काळच्या सूक्ष्मजीवांनी उमटवलेले असू शकतात. अर्थात जीवांवाचूनही तसे ठिपके तयार होऊ शकतात, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. पुढे दिवाळी झाली, तुळशीचे लग्न लागले आणि आमच्या गावात एका बी.एस्सी. झालेल्या मुलीची जवळजवळ ठरलेली सोयरीक ‘मुलीला मंगळ आहे’ एवढ्या कारणावरून अडली. ठिपक्यांची बातमी मुलाच्या वडिलांनीच मला मोबाइलवर कौतुकाने दाखवली होती.

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी सापडली की धर्म कोसळतील, असे म्हणणाऱ्यांशी मी यासाठीच सहमत नाही. आमचे लोणारचे सरोवर घ्या. भगवान विष्णूने लवणासुराचा वध केला तेथे हा खड्डा पडला, ही कथा दैत्यसूदनाच्या मंदिरात आजही सांगितली जाते. आणि बेसाल्ट खडकावर आकाशातून आलेली शिळा आदळून हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे झाल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले, आणि त्यामुळे काठावरच्या कमळजादेवीचे नवस काही थांबले नाहीत. मंगळाच्या अभ्यासकांना बेसाल्टातले हे विवर नमुन्यादाखल फार मोलाचे वाटते, तरी देवीच्या ओटीशी त्या अभ्यासाचा काही संबंध लागत नाही. आपल्याकडची श्रद्धा विश्वाविषयीच्या माहितीवर उभीच नाही, मग माहिती बदलल्याने ती हलेल कशी?

वऱ्हाडी तर्कट (अकोट)

गुरुजी, आपला दाखला सुंदर आहे, पण तो शिळेचा आहे. शिळा आकाशातून आली काय आणि जमिनीतून निघाली काय, तिच्यामुळे माणसाच्या जागेला धक्का लागत नाही, जीवामुळे लागतो. त्यातही सूक्ष्मजीव आणि विचार करणारे प्राणी यांची गल्लत होऊ नये. अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळाच्या एका उल्केत जीवांचे अवशेष असल्याचा दावा ऑगस्ट १९९६ मध्ये झाला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन त्यावर बोलले, आणि तरीही कोणत्याही देवळात किंवा चर्चमध्ये खळबळ माजली नाही, हे मला मान्य आहे. जिवाणूला मोक्ष हवा की नको, हे कोणी विचारत नाही.

बुद्धी असलेला प्राणी सापडला, तर मात्र प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही. ‘आमच्या पुराणांत चौदा लोक आणि अनंत ब्रह्मांडे आधीच आहेत’ असे म्हणून आपण हात झटकतो. पण तीच परंपरा भारतवर्षाला कर्मभूमी म्हणते आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींमध्ये मनुष्ययोनी अवघी चार लक्ष मोजून तिलाच मुक्तीचे दार मानते. दशावतारांतले कासव, वराह आणि नृसिंहसुद्धा इथलेच. एखाद्या दूरच्या ग्रहावर धर्माची ग्लानी झाली, तर अवतार कोणत्या देहात घ्यायचा, याचे उत्तर मला एकाही कीर्तनात मिळालेले नाही. ‘सगळे आधीच लिहून ठेवले आहे’ हे वाक्य मला तर श्रद्धेपेक्षा आळसाचेच लक्षण वाटते.

कीर्तनऐकी (शेगावजवळ)

तर्कटदादा, कर्मभूमीचा सिद्धांत तपासून कोणी वारीला निघत नाही. आमच्याकडे महाराजांचा जयजयकारच ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ या शब्दांनी सुरू होतो, आणि तो म्हणणाऱ्या बाईच्या मनात त्या वेळी आकाशगंगा नसतात, घरच्या आजाऱ्याची काळजी असते. माझ्या आजीला मी एकदा परग्रहावरच्या जीवांविषयी समजावून सांगितले, तेव्हा ती चुलीपुढून न उठता म्हणाली, “असन कोणी, तं त्याले बी भूक लागत असन नं?” तिने देवाला काही विचारले नाही, अन्नाचे विचारले. मला हे उत्तर आळसाचे वाटत नाही.

बाळापूरकर

आमच्या नमाजमध्ये दिवसातून अनेकदा म्हटल्या जाणाऱ्या सूरह फातिहात अल्लाहला ‘रब्बुल आलमीन’, म्हणजे सर्व जगांचा पालनकर्ता, म्हटले आहे, आणि आकाशांत व पृथ्वीवर जीव पसरवल्याचा उल्लेखही कुराणात आहे. त्यामुळे जीव सापडण्याने आम्हाला अडचण दिसत नाही. व्यवहाराचे प्रश्न येतात, ते उलेमा सोडवतात. २००७ मध्ये मलेशियाचा अंतराळवीर अंतराळ स्थानकावर गेला, तेव्हा तरंगत असताना काब्याची दिशा कशी धरावी, याचे नियम तिथल्या धर्मज्ञांनी तयार करून दिले होते.

तरी तर्कटभाऊंचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. पैगंबरांना सर्व जगांसाठी करुणा म्हटले आहे. मग दुसऱ्या जगातल्या समाजाकडे त्यांचा स्वतःचा पैगंबर आला असेल का, हा प्रश्न आमच्या मदरशात कोणी विचारला, तर मौलाना आधी चहा मागवतील आणि मग दीर्घ बोलतील.

वऱ्हाडी तर्कट (अकोट)

ख्रिस्ती धर्मात हीच अडचण सर्वांत टोकदार आहे, कारण तिथे देवाचा अवतार एकदाच, एकाच ठिकाणी झाला. थॉमस पेन या इंग्रज-अमेरिकी विचारवंताने १७९४ मध्येच लिहिले होते की, अनेक जगे मानणे आणि ख्रिस्ती श्रद्धा या दोन गोष्टी एका मनात नांदू शकत नाहीत. उलट २००८ मध्ये व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख फ्युनेस यांनी परग्रहवासीयाला भाऊ म्हणायला हरकत नसल्याचे सांगितले. दोनशे वर्षांत धर्म बदलला तो असा, कुणाच्या लक्षात न येता. म्हणून ‘श्रद्धा हलत नाही’ हे गुरुजींचे विधान मला पटत नाही. ती हलते, आणि मग आपण पूर्वीपासून इथेच होतो असे सांगते.

निळी पहाट (वाशीम)

वरची सगळी चर्चा वाचली. ‘श्रद्धा बदलतच नाही’ असे जर कोणी माझ्या आजोबांना सांगितले असते, तर ते हसले असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी धर्म सोडला आणि दुसरा स्वीकारला. त्यातले कित्येक याच विदर्भातल्या खेड्यांतून, अंगावरच्या धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांनिशी गेले होते. त्यांना कोणत्याही दुर्बिणीने काही दाखवले नव्हते. गावच्या विहिरीने दाखवले होते.

गुरुजी म्हणतात तसे विश्वाच्या माहितीने श्रद्धा हलत नसेल, हे मी मान्य करते, पण त्यावरून ती कशानेच हलत नाही असे ठरत नाही. बौद्धांसाठी सृष्टीचा कर्ता कोण, हा प्रश्नच मध्यभागी नाही. दुःख कुठे आहे, हा आहे, आणि दुसऱ्या ग्रहावर जाणीव असलेला प्राणी असेल, तर दुःखही असेल. राहिली स्वागताची गोष्ट. ते पाहुणे आपल्या खेड्यात उतरलेच, तर पारावर त्यांना पहिल्यांदा ग्रहाचे नाव विचारले जाईल की आडनाव, हे आपण सगळे जाणतो.

काठावरचा (लोणार तालुका)

ताईंचा मुद्दा मी स्वीकारतो. ‘हलत नाही’ हे मी फार सैल लिहिले. मला म्हणायचे होते ते इतकेच की, बातमी आणि अनुभव यांत अंतर असते. १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८ बी या ग्रहाच्या वातावरणात जीवांशी जोडल्या जाणाऱ्या वायूची खूण दिसल्याचे केंब्रिजच्या मधुसूदन यांच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले आणि इतर शास्त्रज्ञांनी त्यावर लगेच शंका घेतल्या. जीवसृष्टीचा शोध लागलाच, तर बहुधा असाच लागेल: एक आलेख, त्यावर वाद, पुन्हा निरीक्षणे, आणि वर्षानुवर्षांनी ‘बहुतेक असावी’. अशा हप्त्याहप्त्याने येणाऱ्या सत्याने कोणाचा धर्म एका रात्रीत मोडणार नाही. प्रत्यक्ष कोणी बोलायला आले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तर्कटांचा अवतारांचा प्रश्न कीर्तनकारांना घ्यावाच लागेल, आणि मला तो ऐकायला आवडेल.

वऱ्हाडी तर्कट (अकोट)

मंगळाचा दाखला मात्र मी अजूनही धर्माचा मानत नाही. ज्योतिष आणि धर्म यांची सरमिसळ करून धर्माला अकारण दोष लागतो. बाकी, त्या मुलीचे पुढे काय झाले?

काठावरचा (लोणार तालुका)

सरमिसळ मी केलेली नाही. मंगळाची शांत भटजींनीच केली, तीही देवळाच्या सभामंडपात. मुलगी सकाळपासून उपाशी बसली होती. मुलाकडच्यांनी होकार कळवला आहे, आणि लग्न वैशाखात धरले आहे.